दस्त्यावरचा 'एस': एका जुन्या रायफलीच्या खरेदीचं प्रकरण

मित्राचा फोन आला तेव्हा सौदा त्याच्या मनात पक्का झाला होता, फक्त माझ्या तोंडून 'हो' ऐकायचं बाकी होतं. "दुसऱ्या महायुद्धातली स्नायपर रायफल आहे. ली-एनफिल्ड, थ्री नॉट थ्री. काकांच्या वडिलांची होती. दस्त्यावर 'एस' ठोकलाय, मी फोटोत पाहिला." किंमत विचारली तर साध्या, चालू अवस्थेतल्या ली-एनफिल्डच्या जवळजवळ तिप्पट. मी गप्प राहिलो. खरी स्नायपर असेल तर ही किंमत संशय यावा इतकी कमी, आणि नसेल तर डोळ्यांत पाणी यावं इतकी जास्त.

मित्र नवखा नाही. रेंजवर त्याची बरीच वर्षं गेली आहेत, परवाना आहे, घरी कुलपाची तिजोरी आहे. पण त्याचा हात बसलाय तो आजच्या टार्गेट रायफलींवर. जुन्या लष्करी रायफलीच्या वाटेला तो पहिल्यांदाच जात होता, आणि पहिल्या खेपेला माणूस रायफल बघतच नाही, तिच्याभोवतीची गोष्ट बघतो. माझंही तसंच झालं होतं.

विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. मित्र त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही काकाच म्हणू लागलो. फोनवरचा त्यांचा सूर फसवणाऱ्याचा नव्हता, आणि या प्रकरणात अवघड काही असेल तर ते हेच. लबाड माणसासमोर आपण आपोआप सावध होतो. प्रामाणिक माणूस चुकीची गोष्ट मनापासून सांगतो, तेव्हा ऐकणाराही मनापासून फसतो.

आधी कागद

रायफल बघायच्या आधी मी एकच विचारलं, "काका, ती आत्ता कोणाच्या नावावर आहे?"

ते जरा थांबले. मग म्हणाले, "बाबांच्याच नावावर असेल की."

बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. म्हणजे रायफल घरात होती, पण काकांच्या कागदावर नव्हती. वारसाहक्काने घरात आलेलं हत्यार ही खाजगी विक्रीतली सगळ्यात नेहमीची भानगड आहे, आणि घरातल्या कोणाचाच हेतू वाईट नसतो. माळ्यावरच्या ट्रंकेसारखी ती वस्तू पिढी ओलांडते. वारसाने काय करायचं, किती मुदतीत, कोणाकडे जायचं, हे प्रत्येक देशाच्या कायद्यात वेगळं आहे. कुठे जुनी लष्करी काडतुसं वापरणारी रायफल सामान्य परवान्यावर मिळते, कुठे मिळतच नाही. पण ज्याच्या नावावर वस्तू नाही त्याने ती विकायची नाही, हा नियम मी सगळीकडे पाळतो. मित्राला मी सांगितलं, काकांच्या नावावर झाल्याशिवाय हात लावायचा नाही, आगाऊ रक्कम द्यायची नाही, आणि झाल्यावरही देवाणघेवाण परवानाधारक विक्रेत्याच्या टेबलावरच करायची. तो वैतागला. "तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल." मी म्हटलं, जाऊ दे.

कोणी नेली नाही. काकांनी कागदांचं काम निमूटपणे पुरं केलं. त्या वेळात मी त्यांच्याकडे काही विशिष्ट फोटो मागितले. दस्ता जिथे पोलादात शिरतो त्या खोबणीची डावी बाजू, बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या भागाच्या, दांड्याचा मागचा भाग, रिसीव्हरची, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्याची, डावी भिंत, नळीचं तोंड. लोक पूर्ण रायफलीचा फोटो पाठवतात, चादरीवर आडवी, एखाद्या नवरीसारखी. त्यातून कळतं फक्त एवढंच की ती रायफल आहे. काकांनीही आधी तोच पाठवला. नंतरचे फोटो हलले होते, पण त्यातही एक अक्षर दिसलं आणि माझ्या मनात पहिली घंटा वाजली. त्या अक्षराकडे येतोच.

टेबलावर

विक्रेत्याच्या दुकानातलं मागचं टेबल, वर पांढरा दिवा. काकांनी पिशवीतून रायफल काढली आणि नळी भिंतीकडे करून ठेवली. वडिलांनी शिकवलेली सवय असणार. तरी मी उचलल्यावर आधी मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये डोकावून पाहिलं आणि मग करंगळी घालूनही खात्री केली. 'रिकामीच आहे' हे वाक्य कोणीही म्हणो, करंगळी जातेच.

चार किलोंहून थोडं जास्त वजन, दहा काडतुसांचं मॅगझिन. आणि तो बोल्ट! ली-एनफिल्डचा बोल्ट ज्याने एकदा चालवलाय त्याला दुसऱ्या जुन्या रायफलींचे बोल्ट कडीकोयंड्यासारखे वाटतात. मित्राने दोनदा खटाखट ओढून पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर मला किंमत वाढताना दिसली. मी रायफल त्याच्या हातून काढून घेतली.

डाव्या बाजूवर ठसठशीत अक्षरं होती: यू.एस. प्रॉपर्टी, आणि त्याखाली नंबर ४ मार्क १ स्टार. काका म्हणाले, "म्हणजे अमेरिकन सैन्याची. त्यांचे स्नायपर वापरायचे."

अमेरिकन सैन्याची ती कधीच नव्हती. १९४१ च्या मार्चमध्ये अमेरिकेने लेंड-लीज कायदा केला. त्याखाली ब्रिटनला जाणारा माल कागदोपत्री अमेरिकेची मालमत्ता राहायचा, म्हणून हा शिक्का. बनवणारी कंपनी सॅव्हेज, कारखाना मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सचा. नंबर ४ प्रकारच्या दहा लाखांहून जास्त रायफली तिथून बाहेर पडल्या. अनुक्रमांकात मध्येच येणारा 'सी' हा चिकोपीचा. म्हणजे रायफल जन्माने अमेरिकी, नोकरीला ब्रिटिश साम्राज्यात. त्यावर आणखी एक शिक्का 'इंग्लंड' असा होता. युद्धानंतर जादा ठरलेल्या रायफली तिथल्या व्यापाऱ्यांनी बाहेर विकल्या तेव्हा असे शिक्के बसले. नळीजवळ 'नायट्रो प्रूव्ह्ड', '२.२२२' आणि '१८.५ टन' हेही होतं. ही त्या नागरी विक्रीआधीच्या दाब-चाचणीची खूण; २.२२२ ही काडतुसाच्या पुंगळीची इंचातली लांबी. एकाच पोलादावर अमेरिकेची मालमत्ता आणि इंग्लंड, दोन्ही. काकांच्या वडिलांनी ती कधीतरी अशाच व्यापारी मालातून घेतली असणार, रणांगणावरून नव्हे. हे मी तेव्हा बोललो नाही.

मग दस्ता. त्याच्या वरच्या अंगाला, पोलादाच्या खोबणीच्या किंचित मागे, लाकडात ठोकलेला 'एस'. फोटोत दिसलेलं अक्षर हेच. काकांनी त्यावरून बोट फिरवलं. "हा बघा. स्नायपरचा."

ली-एनफिल्डचे दस्ते वेगवेगळ्या लांबीत यायचे, शर्टाच्या मापासारखे. ठेंगण्या सैनिकाला लहान दस्ता, उंच सैनिकाला मोठा. सगळ्यात आखूड बँटम, त्यावर 'बी', मग शॉर्ट, त्यावर 'एस', मग नॉर्मल, आणि लाँग, त्यावर 'एल'. हा 'एस' म्हणजे आखूड दस्ता, बस्स. सॅव्हेजच्या सुट्या भागांवरही 'एस' असतो, पण तो चौकटीत बसवलेला. म्हणजे या रायफलीवर दोन तऱ्हेचे 'एस' होते आणि स्नायपरशी दोन्हींचा संबंध नव्हता. माझी उंची पाच फूट आठ इंच. मी दस्ता खांद्याला लावून पाहिला, मला तो चक्क आखूड पडला. मित्र माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं.

पण एवढ्यावर निकाल देणं बरोबर नव्हतं. दस्ते बदलले जातात. खऱ्या स्नायपरलाही आखूड दस्ता असू शकतो. तेव्हा प्रश्न उलट्या बाजूने विचारायला हवा होता: ही रायफल खरी 'टी', म्हणजे स्नायपर, असती तर तिच्यावर काय काय असायला हवं होतं?

खऱ्या 'टी'च्या खुणा

ब्रिटिश स्नायपर रायफलीचं अधिकृत नाव नंबर ४ (टी), टी म्हणजे टेलिस्कोप. कारखान्यात नेम चांगला लागलेल्या रायफली निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक बनवणाऱ्या घराण्याकडे पाठवल्या जायच्या. तिथे रिसीव्हरच्या डाव्या अंगाला दोन पॅड बसायचे, नुसत्या स्क्रूने नव्हे, डाक देऊन. त्यांवर नंबर ३२ ची दुर्बीण. गंमत म्हणजे ती मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. बहुतेक टी रायफली बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कंपनीच्या शर्ली कारखान्याच्या आहेत. सॅव्हेजच्याही झाल्या, पण फार थोड्या. म्हणजे 'सॅव्हेज आहे म्हणून टी नाही' असंही म्हणता येत नव्हतं. नकली टी बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर 'टी' हवा. नव्हता. दस्त्याच्या बारीक भागाच्या खालच्या अंगाला हॉलंड अँड हॉलंडचा संकेत एस ५१ हवा. नव्हता. दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा क्रमांक हवा, कारण दुर्बीण आणि रायफल यांचं लग्न लावलेलं असायचं आणि ते मोडू नये म्हणून क्रमांक एकमेकांवर ठोकत. तोही नव्हता. मागची साइट, म्हणजे नेम धरायची चौकट, उघडून पाहिली. सूक्ष्म साइट खाली पाडली की जे जवळच्या पल्ल्याचं मोठं छिद्र वर येतं, ते टी रायफलींत दुर्बिणीला आडवं येऊ नये म्हणून घासून काढत. इथे ते जागच्या जागी शाबूत होतं.

"मग ही भोकं कसली?" मित्राने विचारलं. त्याने बरोबर पकडलं होतं. डाव्या भिंतीत काही लहान भोकं होती, आटे पाडलेली, आत डोकी नसलेले स्क्रू भरून बुजवलेली. पॅड काढून टाकलेल्या खऱ्या टी रायफलीही बाजारात सापडतात, म्हणून इथे घाई करून चालत नाही. मी भिंग घेतलं. डाकाचा कुठे मागमूस नव्हता, आणि भोकांची जागाही पॅडच्या जागेशी जुळत नव्हती. हा बाजारात मिळणाऱ्या साइड माउंटचा, म्हणजे दुर्बीण बाजूला बसवायच्या आधाराचा, मामला होता. कोणीतरी साध्या रायफलीवर साधी दुर्बीण बसवली होती आणि पुढे काढून टाकली होती.

आणि दस्त्यावरचा गालपट्टा. टी रायफलींना लाकडी गालपट्टा दोन स्क्रूने बसवलेला असतो, म्हणजे दुर्बिणीतून बघताना गाल टेकायला उंची मिळते. इथेही होता, दोनच स्क्रू. पण लाकूड वेगळं, घडण जाडजूड, कडा हाताने गोल केलेल्या आणि एका बाजूला रंध्याची पायरी राहिलेली. कारखान्याचं काम नव्हतं ते. नकल करणाऱ्याचंही नव्हतं. नकल करणारा यापेक्षा जास्त कष्ट घेतो.

मी तो काकांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाबांकडे रंधा होता."

त्या एका वाक्याने सगळी गोष्ट जागेवर आली. वडिलांनी जादा मालातली रायफल घेतली, हौसेने दुर्बीण लावली, गाल टेकेना म्हणून स्वतः लाकूड घासून बसवलं. घरात ती 'दुर्बिणीची बंदूक' झाली, मग मुलांच्या तोंडी 'स्नायपर'. पुढे दुर्बीण गेली, नाव राहिलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

उरली ती रायफल

आता गोष्ट बाजूला पडली होती आणि माझ्यासमोर एक साधी सॅव्हेज होती. साध्या सॅव्हेजला साध्या सॅव्हेजची किंमत पुरेशी आहे का, हा वेगळा आणि खरं तर जास्त मोलाचा तपास.

बोल्टच्या दांड्यामागचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नव्हता. संग्राहकाच्या दृष्टीने इथेच भाव उतरतो. पण मला चिंता वेगळी होती. या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला, दोन लगांवर (आधाराच्या उंचवट्यांवर) कुलूपबंद होतो आणि दोन्ही लग सारखे टेकले पाहिजेत. म्हणून प्रत्येक बोल्ट आपल्या रायफलीत बसवून घेतलेला असतो. दुसऱ्या घरचा बोल्ट आत गेला, फिरला, बंद झाला, म्हणजे तो बसला असं नाही. क्रमांक जुळतात म्हणून हुरळून जाणाऱ्यांसाठीही एक सांगतो: जुना क्रमांक घासून नवा ठोकणं दहा मिनिटांचं काम आहे. अंकांचा साचा वेगळा दिसतो का, त्याखालचं पोलाद सपाट किंवा किंचित खोलगट झालंय का, ते तिरप्या उजेडात बघावं. लष्करी आर्मररही, म्हणजे सैन्यातले हत्यारं दुरुस्त करणारे कारागीरही, भाग बदलून नवे क्रमांक टाकायचे, तेव्हा प्रत्येक दुरुस्ती म्हणजे फसवणूक नव्हे. इथला बोल्ट तर उघडउघड परका होता. मला ते आवडलं. परका बोल्ट स्वतःची ओळख लपवत नसेल तर त्याच्याशी व्यवहार करता येतो.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस जिथे टेकतं ती जागा यांतलं अंतर, मोजायला गेज (ठरावीक मापाचे तुकडे) लागतात, आणि ते काम मी स्वतः करत नाही. त्या दुकानात बसणाऱ्या गनस्मिथने केलं. थ्री नॉट थ्रीचं काडतूस बुडाच्या कडेच्या आधाराने बसतं, म्हणून ही मोजणी पुंगळीच्या कडेपुरती असते. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, झाला. ०.०७४ च्या लष्करी मर्यादेच्या गेजवर होता कामा नये, झाला नाही. मधल्या ०.०७० च्या नागरी गेजवर मात्र तो जेमतेम अडला. म्हणजे पास, पण काठावर. नंबर ४ मध्ये यावर एक सुंदर सोय आहे. बोल्टचं डोकं सुटं असतं, आटे फिरवून निघतं, आणि ०, १, २, ३ अशा चढत्या मापांत येतं. रायफल झिजली की आर्मररने पुढच्या मापाचं डोकं बसवायचं. इथे २ होतं. पुढचं एकच उरलं होतं, आणि ३ नंबरचं डोकं म्हटल्याबरोबर हाताशी लागत नाही. गनस्मिथने लगांवर काजळी लावून टेकण बघितली; दोन्ही टेकत होते, डावीकडचा थोडा जास्त. तो म्हणाला, चालेल. तो माणूस 'चालेल' हा शब्द सहजी वापरत नाही.

मार्क १ स्टारचं आणखी एक दुखणं आहे. बोल्ट काढायची जुनी कळ काढून टाकून उत्पादन सोपं करण्यासाठी, ज्या पट्टीवरून बोल्टचं डोकं सरकतं तिच्यात पुढे एक खाच पाडली. त्या खाचेत डोकं वर उचलायचं आणि बोल्ट बाहेर. युद्धाच्या घाईत हुशार कल्पना. पण खाचेचा कोपरा कालांतराने टवका उडून झिजतो, आणि मग ऐन झपाट्यात बोल्ट ओढला की डोकं आपणहून खाचेतून उडी मारतं. विकत घेणारे इथे बघतच नाहीत. कोपऱ्यावर नख फिरवायचं. इथला कोपरा किंचित गोल झाला होता, टवका नव्हता. मी बोल्ट पंधरावीस वेळा मुद्दाम दांडगाईने चालवला. एकदाही सुटला नाही.

नळी बघायची वेळ आली तेव्हा मित्रच आधी वाकला. चेंबरच्या बाजूने उजेड टाकला होता. त्याचा चेहरा पडला. "गेली. खाचा राहिल्याच नाहीत, दोनच दिसतात."

माझ्या सगळ्यात आवडत्या गैरसमजांपैकी हा एक. ली-एनफिल्डच्या नळीत नेहमीच्या पाच सर्पिल खाचा असतात. युद्धात नळ्या लवकर तयार व्हाव्यात म्हणून सॅव्हेजने आणि कॅनडातल्या लाँग ब्रांच कारखान्याने दोनच खाचांच्या नळ्या काढल्या. त्या जन्मतःच दोन खाचांच्या असतात आणि बेताच्या पल्ल्यावर पाच खाचांच्या नळीला लाजवत नाहीत, पण लाजही आणत नाहीत. कितीतरी चांगल्या रायफली 'झिजली' म्हणून मातीमोल भावात गेल्या असतील. खाचा किती हे गौण. त्यांच्या कडा धारदार आहेत का, हे बघायचं. इथे होत्या. चेंबरच्या पुढे मात्र बारीक खड्ड्यांचा करडा पट्टा होता. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं. जळल्यावर त्याचं क्षार होऊन नळीत बसतं, मिठासारखं हवेतली ओल ओढतं आणि रात्रभरात गंज धरतं. नुसत्या तेलाने ते जात नाही, पाण्यानेच विरघळतं. ज्याने हे पाळलं नाही त्याचा आळस नळीत कायमचा लिहिला जातो. इथे आळस थोडा होता, फार नव्हता.

नळीचं तोंड तपासायला डमी काडतूस उलटं धरून गोळी आत सोडायची. पुंगळीच्या तोंडापर्यंत ती बुडाली तर नळीचं तोंड गेलेलं, मग तो दोष गोळ्यांचा असो वा साफसफाईच्या दोरीचा. दस्त्यातल्या खणात सैनिक ती दोरी ठेवायचे आणि तिरपी ओढून ओढून नळीचं तोंड गोळीपेक्षा जास्त झिजवायचे. इथे गोळीचा बराचसा भाग बाहेर राहिला. मित्र पुन्हा हसू लागला. 'डीपी' म्हणजे फक्त कवायतीसाठी, असा शिक्का कुठेही नव्हता, तेही मी पाहून घेतलं; तो असता तर पुढचं सगळं बोलणंच व्यर्थ होतं.

लाकडावर काकांच्या वडिलांनी, किंवा कदाचित काकांनीच, चकचकीत व्हार्निश चढवलं होतं. मूळ लाकडाला जवसाचं तेल पाजायचे. व्हार्निशच्या आधी पॉलिश पेपर मारला होता, त्यात बरेच शिक्के पुसट झाले. वाईट वाटलं. संग्राहकासाठी हे लाकूड गेलं. नेमबाजासाठी मला ते ठीक वाटलं, आणि मी पुढे गेलो. ही माझी चूक. तिच्याकडे परत यावं लागणार आहे.

सांगायचं कसं

काका बाहेरच्या खुर्चीत बसले होते. मित्र मला म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, पैसे तुझे, तू सांग. शेवटी दोघांनी मिळून सांगितलं. 'खोटी आहे' हा शब्द कोणी वापरला नाही. मित्राने रायफल त्यांच्या हातात दिली, एकेक खूण त्यांच्याच बोटाने दाखवली, एस ५१ कुठे असतो आणि इथे का नाही, दस्त्यावरचा 'एस' कशाचा. काकांनी आखूड दस्ता खांद्याला लावला. त्यांना तो बरोबर बसला. ते हसले, "बाबा माझ्याएवढेच होते."

मग किंमत. तिप्पट तर गेलीच. मित्राने साध्या रायफलीच्या चालू भावापासून सुरुवात केली आणि परका बोल्ट, भोकं, व्हार्निश यांचे वजा करत खाली येऊ लागला. मला तो जरा जास्तच खाली येतोय असं वाटलं. भोकं संग्राहकाला सलतात. याला रायफल वापरायची होती, भिंतीवर टांगायची नव्हती. गनस्मिथच्या मते भोकांनी ताकद कमी झाली नव्हती. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं की जो दोष तुला उपयोगात अडवणार नाही त्याचे पैसे कापू नकोस. शेवटी साध्या भावाच्या थोडं खाली जमलं. काकांना ती रक्कम कमी वाटली असणार. पण त्यांनी घासाघीस केली नाही, फक्त विचारलं, "तुम्ही ती वापरणार ना? की पुन्हा विकणार?"

व्यवहार विक्रेत्याच्या नोंदवहीतून झाला, क्रमांक दोनदा वाचून, काकांच्या नव्या कागदाशी ताडून. ती नोंद होईपर्यंत रायफल दुकानातच राहिली. मित्राला हे कंटाळवाणं वाटलं. माझ्या दृष्टीने अख्ख्या सौद्यातला सगळ्यात सुखाचा भाग तोच होता.

मी काय बघायचं चुकलो

पहिल्या दिवशी रेंजवर शंभर मीटरवर पहिल्या तीन गोळ्या एका मुठीत बसल्या आणि पुढच्या सात उभ्या रेषेत वर चढत गेल्या. नळी तापली की नेम वर सरकतो, तेव्हा आधी लाकडाचा विचार करायचा. घरी पुढचं लाकूड उतरवलं. रिसीव्हर मागे धक्का मारतो तेव्हा ज्या दोन गाद्यांवर तो टेकतो, तिथलं लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलाने मऊ झालं होतं, आणि एका बाजूने केसाएवढी चीर मागच्या टोकाकडे गेली होती. हे मला टेबलावरच कळायला हवं होतं. चार स्क्रूंचं काम होतं, परवानगी मागितली असती तर काका नाही म्हणाले नसते. व्हार्निशच्या चकाकीने माझे डोळे दिपले आणि संग्राहकाचं लाकूड आणि नेमबाजाचं लाकूड यांत फरक करून मी स्वतःला हुशार समजलो. खरं तर नेमबाजालाच लाकडाची काळजी जास्त. मार्क १ प्रकारात चापसुद्धा चापाच्या संरक्षक कडीत अडकवलेला आहे, म्हणजे लाकूड आक्रसलं की चापाची ओढ बदलते. पुढे १९४९ पासूनच्या मार्क २ मध्ये तो रिसीव्हरलाच टांगला, तो याचसाठी.

गनस्मिथने मऊ लाकूड कोरून कठीण लाकडाचे तुकडे बसवले, चीर चिकटवली. त्याचे पैसे मित्राने दिले; मी देऊ केले तर म्हणाला, दुर्बिणीवाल्या किमतीतून वाचवलेस त्यातून वजा धरतो. आता दहा गोळ्या एका बशीत बसतात. पुंगळ्या तो पुन्हा भरतो, पण फक्त पुंगळीची मान मापात दाबून, कारण या रायफलींचं चेंबर पुढच्या बाजूला ऐसपैस असतं आणि पुंगळी दर खेपेला पूर्ण मापात दाबली तर ती लवकर तुटते, बुडाजवळ चकाकणारी रेघ दिसू लागते.

गालपट्टा त्याने काढला. दुर्बीण नाही, तर त्याची गरज नव्हती. उलट लोखंडी साइटमधून बघताना तो गाल वर उचलत होता. दोन स्क्रू सोडवले तेव्हा लाकडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मारलेली मापाची रेघ होती, आणि तिच्या शेजारी चुकलेली, खोडलेली दुसरी. कापडात गुंडाळून तो काकांकडे घेऊन गेला. काकांनी ती रेघ दिव्याखाली धरली, खोडलेल्या रेघेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "एकदा मोजून भागायचंच नाही त्यांचं."

दस्त्यावर दोन भोकं राहिली आहेत. मित्राने ती बुजवली नाहीत.